डीएनएवरून कोणता जीव कोणाचा जवळचा नातेवाईक, हे कसं ठरवतात?

नाशिककरांना हे रामकुंडावर उभं राहून समजावणं सोपं. तिथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. समजा, जीर्ण वही नव्याने उतरवताना कोणी ‘गोविंद’चा ‘गोंविद’ केला. पुढे दोन वह्यांत नेमकी तीच चूक सापडली, तर दोन्ही एकाच वहीवरून उतरल्या असंच म्हणाल ना?

डीएनएचंही तेच. ए, टी, जी, सी या चार अक्षरांतल्या मजकुराची पिढ्यानपिढ्या नक्कल होते आणि चुका साठत जातात. नुसतं साम्य मोजून भागत नाही, समाईक चुका जास्त बोलक्या. माझं आवडतं उदाहरण क जीवनसत्त्वाचं. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात बनवतात, आपल्याला मात्र लिंबू-आवळा खावा लागतो. त्यासाठीचं ग्युलो नावाचं जनुक आपल्यात आहे, पण मोडकं. चिंपांझीतही मोडलंय, आणि बरंचसं त्याच पद्धतीनं. गिनीपिगमध्येही बिघडलंय, पण वेगळ्या प्रकारे, म्हणजे त्याची चूक त्याची स्वतःची!

दिसण्यावर तर जाऊच नका. देवमाशाचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे. मशरूम भाजीवाल्याकडे पालकाशेजारी मांडलेलं असलं, तरी बुरशीवर्ग वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळचा.

जीवाणूंत जरा घोळ होतो. ते शेजाऱ्याकडूनही जनुकं उचलतात, त्यामुळे एकाच जनुकावरून वंशवृक्ष काढला की फसगत होऊ शकते.