रशियन भाषेतही साखरेला ‘साखर’च म्हणतात. हा योगायोग आहे का?

योगायोग नाही, चांगलं रक्ताचं नातं आहे. रशियन ‘साखर’ (त्यातला ख घशात घासून म्हणायचा) ग्रीकमधून आला आणि ग्रीकांनी तो आपल्याकडून नेला.

गंमत अशी, की तो थेट संस्कृतातून गेलेला दिसत नाही. संस्कृत शब्द ‘शर्करा’, पालीत त्याचा ‘सक्खरा’ झाला. ग्रीक शब्दात ‘र्क’चा मागमूस नाही, ‘क्ख’ मात्र आहे. म्हणजे बोलीतला शब्दच व्यापाराबरोबर गेला असणार. मराठी ‘साखर’ही त्याच वाटेनं घडली, म्हणून दोन्ही इतके सारखे वाटतात.

‘शर्करा’चा मूळ अर्थ मात्र मुळीच गोड नाही: खडी, रेव, बारीक खडे. आयुर्वेदात लघवीवाटे पडणाऱ्या कणांनाही शर्कराच म्हटलंय! उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडता येऊ लागले, तेव्हा त्या दाण्यांना हे नाव चिकटलं. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस लिहितो, की हा बोरूतला घट्ट मध असून मिठासारखा दाताखाली फुटतो. नावाचा अर्थ त्याला ठाऊक असो वा नसो, वर्णन अगदी नेमकं आहे.

पश्चिम युरोपात शब्द पोचला तो वेगळ्या रस्त्यानं. फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, आणि अरबांनी ऊस सिसिली-स्पेनपर्यंत नेल्यावर इटालियन ‘त्सुक्केरो’, फ्रेंच ‘सुक्र’, जर्मन ‘त्सुकर’, इंग्रजी ‘शुगर’. स्पॅनिश ‘अझुकार’मध्ये तर अरबी ‘अल्’ हा उपपदाचा तुकडाही सुरुवातीला अडकून राहिलाय.

इंग्रजीत गुळाला ‘जॅगरी’ म्हणतात, तोही याच घरातला. केरळातल्या ‘चक्करा’वरून पोर्तुगीजांनी तो उचलला. मराठीत गूळ आणि साखर शब्द म्हणून एकमेकांना ओळखतही नाहीत. इंग्रजीत ते सख्खे भाऊ. आणि 1879 मध्ये फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला सापडलेल्या ‘सॅकरीन’चं नाव लॅटिन ‘सॅकरम’वरून पडलं, त्यात साखरेचा कणही नसताना.

‘कँडी’ या गोतावळ्यातली नव्हे. ती ‘खंड’ची नात, फारसी ‘कंद’मार्गे. हिंदीतल्या ‘चीनी’ आणि ‘मिस्री’ तर सरळ चीन आणि मिस्र म्हणजे इजिप्त या देशांच्या नावांवरून आल्यात.