प्रवासात बिनपासवर्डच्या वायफायला फोन जोडला तर नक्की काय होऊ शकतं?

तुम्ही एकाच दमात तीन-चार गोष्टी विचारल्यात. वायफायच्या नावाखाली "असुरक्षित नेटवर्क" दिसत असताना फोन जोडावा का, जोडलाच तर बँकेचं अ‍ॅप उघडावं का, त्यासाठी व्हीपीएन (फोनचं सगळं ट्रॅफिक कुलूप लावून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) विकत घ्यायला हवा का, आणि जाता जाता लिहिलंय की जोडलं तरी लॉगिनचं पान उघडतच नाही. मी नेटवर्कचंच काम करते त्यामुळे हे प्रश्न मला सतत विचारले जातात. लोकांची भीती असते एका गोष्टीची आणि गंडतात ते भलत्याच ठिकाणी.

आधी ते "असुरक्षित" म्हणजे काय ते बघू. तुमचा फोन आणि भिंतीवरचा राउटर यांच्यात हवेतून जे जातंय त्याला वायफायने कुलूप लावलेलं नाही, एवढंच फोन सांगतोय. जवळ लॅपटॉप घेऊन बसलेल्या कुणालाही ते ऐकता येतं. एकेकाळी हे फार वाईट होतं, २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेंशन आलं होतं, ते टाकलं की त्याच वायफायवर असलेल्या लोकांची फेसबुक-ट्विटरची खाती शेजारच्या पट्टीत नावासकट दिसायची आणि नावावर क्लिक केलं की तुम्ही थेट त्याच्या खात्यात. पासवर्ड वगैरे काही लागायचं नाही, कारण तेव्हा बऱ्याच साइट फक्त लॉगिनचं पान एनक्रिप्ट करायच्या, म्हणजे कुलूपबंद करायच्या, आणि पुढचं सगळं उघडं. सगळीकडे दिल्या जाणाऱ्या भीतीदायक सल्ल्यांपैकी बरेचसे त्या काळातले आहेत आणि तसेच्या तसे कॉपी होत आलेत.

त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलंय. २०१५ च्या शेवटी लेट्स एनक्रिप्ट नावाच्या संस्थेने साइटना फुकट सर्टिफिकेट (साइट खरी आहे याचा दाखला, एनक्रिप्शनसाठी तो लागतो) द्यायला सुरुवात केली, २०१८ मध्ये क्रोमने साध्या एचटीटीपी, म्हणजे एनक्रिप्शन नसलेल्या, साइटवर "सुरक्षित नाही" असा शिक्काच मारायला घेतला, आणि आता तुम्ही वापरता त्या जवळजवळ सगळ्या साइट आणि अ‍ॅप एचटीटीपीएसवर, म्हणजे त्याच्या एनक्रिप्ट केलेल्या प्रकारावर, आहेत. म्हणजे वायफायला कुलूप नसलं तरी आतल्या मजकुराला आहे. ऐकणाऱ्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते बहुतेक वेळा कळतं, तिथे काय वाचलं काय टाइप केलं ते कळत नाही. आता काहींना कुठे गेलो ते कळणंही नको असतं, ते ठीकच आहे, पण त्याने खातं रिकामं होत नाही.

आणि एक, काउंटरवर विचारून घेतलेला पासवर्ड असला म्हणजे नेटवर्क सुरक्षित असं अजिबात समजू नका. सगळ्यांना एकच पासवर्ड दिलेला असतो, आणि डब्ल्यूपीए२ या प्रकारच्या वायफायच्या कुलपावर ज्याला तो पासवर्ड माहितीये आणि तुमचा फोन जोडला जात असताना जो ऐकत होता त्याला तुमच्या ट्रॅफिकवरचं वायफायचं कुलूप उघडता येतं. त्याच्या पुढच्या डब्ल्यूपीए३ मध्ये हे सुधारलंय पण तिथे काय बसवलंय ते तुम्हाला कोण सांगणार.

मग लोक गंडतात कुठे? तर वायफाय जोडल्यावर येणाऱ्या लॉगिनच्या पानावर. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात एक प्रकरण झालं. देशांतर्गत विमानात कर्मचाऱ्यांना एक संशयास्पद वायफाय दिसलं, पोलिसांनी एका प्रवाशाला गाठलं तर त्याच्या हातातल्या बॅगेत छोटं वायफायचं यंत्र, लॅपटॉप आणि मोबाइल. पर्थ, मेलबर्न, अ‍ॅडलेडच्या विमानतळांवर आणि विमानात तो खऱ्यासारख्या नावाचं खोटं वायफाय सोडायचा, जोडलं की एक पान यायचं, त्यात ईमेलने किंवा सोशल मीडियाच्या खात्याने लॉगिन करा. कसलं एनक्रिप्शन फोडलं नाही की काही नाही, लोकांनी आपल्या हाताने ईमेलचा पासवर्ड टाइप केला. चोराच्या हाती किल्ल्या देणं म्हणतात ते हेच. पुढे त्याला तुरुंगवास झाला.

त्यामुळे माझा एकच हट्ट असतो, की वायफायच्या पानावर कुठल्याही खात्याचा पासवर्ड टाकायचा नाही. "अटी मान्य" वर टिक, खोली क्रमांक, फार तर ओटीपीसाठी फोन नंबर, इथवर ठीक. "गूगलने पुढे जा" असं बटण दिसलं आणि पुढे पासवर्डचा चौकोन आला की पान बंद. ते पान फोन एका छोट्या खिडकीत उघडतो, वरचा पत्ता अर्धा कापलेला असतो, तुम्ही ट्रॉली ओढत चाललेले असता, अशा वेळी खरं-खोटं ओळखत बसण्यात अर्थ नाही, सरळ टाकायचाच नाही. कार्डचा नंबर मागत असेल तर तेच. अजून एक प्रकार म्हणजे "वायफाय वापरण्यासाठी हे अपडेट इन्स्टॉल करा". २०१४ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने डार्कहोटेल नावाचं प्रकरण उघड केलं त्यात मोठ्या हॉटेलांच्या वायफायवर निवडक पाहुण्यांना हेच दाखवलं जायचं, खोटं अपडेट. वायफायला चालायला तुमच्या फोनवर काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, प्रोफाइल नाही, सर्टिफिकेट नाही, अ‍ॅप नाही.

दुसरी जागा म्हणजे सर्टिफिकेटचा इशारा. ब्राउझर लाल पान दाखवून म्हणतो की कनेक्शन खाजगी नाही, आणि आपण "तरीही पुढे जा" शोधतो. घरी असताना तो इशारा बहुतेक वेळा साइटवाल्याच्या आळसामुळे येतो हे खरं, पण परक्या वायफायवर तो आला तर मधे कुणीतरी बसलंय असं धरूनच चाला. काही मोठ्या साइटवर तर ते "पुढे जा" दिसतच नाही, ते मुद्दाम तसं केलेलं आहे.

बँकेचं अ‍ॅप: अ‍ॅप समोरच्याचं सर्टिफिकेट तपासतं आणि जुळलं नाही तर जोडतच नाही, म्हणून तांत्रिकदृष्ट्या भिण्यासारखं फार नाही. तरीही मी पैशाचं काम मोबाइल डेटावरच करते, कारण दोन मिनिटांच्या कामाला डेटा लागतो किती! वायफाय बंद करायचं, काम करायचं, परत चालू करायचं. मला जास्त धास्ती वाटते ती कुठल्यातरी सटरफटर अ‍ॅपची, जे सर्टिफिकेट धड तपासत नाही आणि अ‍ॅपमध्ये पत्त्याची पट्टीच नसल्यामुळे तुम्हाला ते कळायला काही मार्ग नसतो.

व्हीपीएनबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. फक्त यासाठी विकत घ्यायची गरज नाही. व्हीपीएनमुळे वायफायवाल्याला काही दिसत नाही, पण आता ते सगळं व्हीपीएन कंपनीला दिसतं, म्हणजे विश्वास कुणावर टाकायचा एवढंच बदललं. फुकटचा कुठलातरी व्हीपीएन टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि खोट्या पानावर तुम्ही पासवर्ड दिलात तर व्हीपीएन काय करणार? ऑफिसने दिलेला असेल तर जरूर वापरा.

सेटिंगमध्ये एकच गोष्ट खरंच करण्यासारखी आहे. प्रवास झाला की ते नेटवर्क "विसरा" किंवा निदान आपोआप जोडणं बंद करा. बिनपासवर्डचं नेटवर्क फोन फक्त नावावरून ओळखतो, त्यामुळे उद्या त्याच नावाने कुणी भलत्या गावात वायफाय सोडलं तर खिशातला फोन तुम्हाला न विचारता जोडला जाईल. बाकी फोन अपडेट ठेवा वगैरे तुम्हाला माहितीच आहे.

आता ते न उघडणारं पान. फोन जोडला गेला की तो गुपचूप एक साधं एचटीटीपी पान मागतो, वायफायवाला ते मधेच अडवून स्वतःचं पान दाखवतो, अशी ती सगळी गंमत आहे. एचटीटीपीएस पान असं अडवता येत नाही, म्हणून तुम्ही गूगल उघडत बसलात तर नुसती एरर येणार. ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा, ती साइट मुद्दाम एनक्रिप्शनशिवाय ठेवलीये, तिथे बहुतेक वेळा लॉगिनचं पान येतं. तरी नाही आलं तर व्हीपीएन चालू आहे का बघा, तो बंद करा. अँड्रॉइड असेल तर "खाजगी डीएनएस" (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचं सेटिंग) मध्ये कुणीतरी ठरावीक पत्ता टाकून ठेवलाय का ते बघा, तो असला की अडकू शकतं, तेवढ्यापुरतं "आपोआप" वर ठेवा आणि नेट सुरू झालं की परत पूर्वीसारखं करा. एवढं करूनही नाही उघडलं तर फोनचं मॉडेल खाली लिहा, सेटिंग नक्की कुठे दडलंय ते सांगते.