उपग्रह असताना पुळण मोजायला माणूस कशाला?

प्रश्न : मी बी.एस्सी. भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादळी मोसमात खचणारी आणि नंतर पुन्हा भरणारी पुळण मोजण्याचं काम मला करायचं आहे, तेही जिथे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो अशा किनाऱ्यांवर. मैत्रिणी म्हणतात, हे आता उपग्रहच करतात. घरचे विचारतात, याला नोकरी कोण देणार? मी काय शिकू?

उत्तर : तुझ्या मैत्रिणींचं निम्मं म्हणणं खरं आहे. लँडसॅट उपग्रहांची 1984 पासूनची चित्रं फुकट मिळतात आणि कोस्टसॅटसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यांतून पाण्याची कड शोधून देतं. त्यातही तू निवडलेल्या किनाऱ्यांवर हे काम जास्त चांगलं जमतं. भूमध्य किंवा बाल्टिक समुद्रासारख्या ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक 2 मीटरपेक्षा बराच कमी असतो. किनाऱ्याचा उतार 1:20 धर. पाणी 4 मीटर चढलं तर कड 80 मीटर सरकते, अर्धा मीटर चढलं तर 10 मीटरच. पुळण हंगामात 20 मीटर मागेपुढे होत असेल, तर पहिल्या किनाऱ्यावर ती हालचाल भरतीच्या गोंधळात हरवते, दुसऱ्यावर दिसू शकते.

पण चित्रात दिसते ती फक्त कड. वाळू किती आहे ते त्यावरून कळत नाही, आणि तुझ्यासाठी काम आहे ते इथेच. वादळी मोसमातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढतात आणि बरीचशी जवळच पाण्याखालच्या दांड्यात, म्हणजे किनाऱ्याला समांतर वाळूच्या उंचवट्यात, नेऊन टाकतात. शांत दिवसांतल्या बुटक्या लाटा ती हळूहळू परत आणतात. मोठ्या ओहोटीच्या किनाऱ्यावर या पट्ट्याचा बराच भाग उघडा पडतो, चालत जाऊन मोजता येतो. तुझ्या किनाऱ्यावर दांडा बुडालेलाच राहतो. मग कोरड्या भागाचा हिशेब मांडणारा ‘एवढी वाळू गेली’ असा अहवाल देतो, आणि ती वाळू पुढे पाण्याखाली पडलेली असते. छातीभर पाण्यात आरटीके जीपीएसची (सेंटिमीटरपर्यंत जागा आणि उंची सांगणाऱ्या जीपीएसची) काठी सरळ धरून उभं राहणं, त्यापुढे बोटीवरच्या इकोसाउंडरने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून, खोली घेणं आणि दोन्ही मोजण्या एकाच आधारपातळीवर (उंची-खोली जिथून मोजतात त्या शून्यावर) जुळवणं, हे माणसालाच करावं लागतं. (पोहता येत नसेल तर आधी ते शीक. अभ्यासक्रमात हे लिहिलेलं नसतं.)

भरती लहान असली की बाकीच्या गोष्टी डोईजड होतात. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने (म्हणजे 1 मिलिबारने) उतरला की पाणी साधारण 1 सेंटिमीटर चढतं. वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो, फुटलेल्या लाटा उतारावर वर धावतात. अशा वेळी भरतीचं कोष्टक बघून पाण्याची जागा ठरवणारा हमखास फसतो. म्हणून पुळणीमागे एक पक्का बेंचमार्क, म्हणजे उंची माहीत असलेली न हलणारी खूण, हवा. प्रत्येक छेद (पुळणीवरून पाण्याकडे जाणाऱ्या रेषेवरच्या उंचींची नोंद) तिथूनच सुरू करायचा, त्याच दिशेने.

सिडनीजवळच्या नॅराबीनच्या पुळणीवर 1976 पासून ठरलेल्या रेषांवर महिन्या-महिन्याने मोजणी होत आली आहे. त्या नोंदींतून दिसलं की एक टोक खचतं तेव्हा दुसरं भरतं, आणि या फिरण्याचा एल निनो-ला निनाशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी आलटून पालटून तापण्या-निवण्याशी, संबंध आहे. एकाच टोकाला उभं राहून वर्षभर मोजणाऱ्याने ‘पुळण संपत चालली’ असंच लिहिलं असतं. सुरुवातीला तिथे साधन काय होतं? सारख्या उंचीच्या दोन काठ्या. एमरी या सागरी भूशास्त्रज्ञाने 1961 मध्ये मांडलेली ही पद्धत. काठ्या ठरावीक अंतरावर उभ्या धरायच्या, समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं आणि ती नजररेषा जमिनीकडच्या काठीला टोकापासून किती खाली छेदते ते वाचायचं. तेवढा उतार. मग काठ्या पुढे सरकवायच्या.

आता नोकरी. ‘पुळण मोजणारा हवा’ अशी जाहिरात सहसा येत नाही, त्यामुळे घरच्यांची शंका रास्त आहे. हे काम बंदरांच्या, जलसर्वेक्षणाच्या आणि किनारा-संरक्षणाच्या प्रकल्पांत दडलेलं असतं. पदव्युत्तर शिक्षणासाठी कोस्टल इंजिनिअरिंग, हायड्रोग्राफी (जलसर्वेक्षण) किंवा जिओमॅटिक्स (भूमापन आणि नकाशांचं शास्त्र) बघ. पोटापाण्याच्या दृष्टीने मी हायड्रोग्राफीला झुकतं माप देईन, कारण खोली मोजणारा माणूस बंदरांनाही लागतो आणि केबल टाकणाऱ्यांनाही. सोबत पायथॉन ही संगणकभाषा आणि जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं काम, शीक. ड्रोन नंतर शिकलीस तरी चालेल, संख्याशास्त्र मात्र नंतरवर टाकू नकोस. तुझी मोजणी 5 सेंटिमीटरने चुकू शकत असेल आणि दोन महिन्यांत पुळण 4 सेंटिमीटर उतरलेली दिसली, तर धूप झाली असं म्हणता येईल का, हे तुला ठामपणे सांगता आलं पाहिजे.

एखादी पुळण सहज गाठता येत असेल तर काठ्यांनी सुरुवात कर. एकच रेषा धर, दर महिन्याला मोज आणि वादळानंतर जादा फेरी मार. प्रत्येक वेळी लगेच दुसऱ्यांदा मोजून दोन आकड्यांतला फरकही लिहून ठेव. एम.एस्सी.च्या अर्जाला वर्षभराचे हे छेद जोड, मोजणी कितीने चुकू शकते त्या अंदाजासकट.