जळगावात ना-नफा कलाकेंद्र काढायचंय. सोसायटी नोंदवावी की ट्रस्ट?

सात जण जमत असतील तर सोसायटी नोंदवा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान ७ सभासद लागतात. मग १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. खरी मेख संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांत आहे. ‘चित्रकला वर्ग चालवणे’ एवढंच लिहिलंत, की उद्या वहीगायनाची (खानदेशी लोककला) कार्यशाळा उद्देशाबाहेर! चित्र, शिल्प, लोककला, प्रदर्शनं, ग्रंथालय आत्ताच घाला. नंतर उद्देश बदलायचे तर महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा, आणि दोन्हींत ३/५ मतं लागतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्या. लोक हमखास विसरतात ते हेच. भरवशाची माणसं दोन-तीनच असतील, तर मात्र ट्रस्टच बरा.