बिनमुदतीचे तिकीट नेमके कोणाचे?

प्रश्न : मी ६६ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून साताऱ्यात राहतो. मुलगी, जावई, सात वर्षांचा नातू आणि अडीच वर्षांची नात न्यू जर्सीत असतात. येत्या डिसेंबरात आम्ही दोघे पतिपत्नी तिकडे जाणार असून सर्वांनी मिळून चार दिवस फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डला जायचे ठरले आहे. जावयांच्या ओळखीतील एका मराठी गृहस्थांकडे २०१३ साली घेतलेली, कधीही मुदत न संपणारी दहा दिवसांची चार तिकिटे आहेत. त्यांपैकी दोन अजिबात वापरलेली नाहीत. उरलेल्या दोहोंवर त्यांनी चार-चार दिवस वापरले असून सहा-सहा दिवस शिल्लक आहेत. कोऱ्या तिकिटाचे ते प्रत्येकी ९०० डॉलर आणि वापरलेल्याचे प्रत्येकी ५०० डॉलर मागतात. आमच्या तारखांचे चार दिवसांचे नवे तिकीट माणशी सुमारे ६२० डॉलरला दिसते. मुलीने झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याची अमेरिकेतील सेवा) ४०० डॉलर विसार दिलाही आहे. जावयांचे म्हणणे असे की, अमेरिकेत गिफ्ट कार्डाला पाच वर्षांच्या आत मुदत घालता येत नाही, म्हणजे साधे तिकीटही बुडणार नाही, मग बिनमुदतीसाठी जादा पैसे का मोजायचे? हा व्यवहार करावा का, आणि नाही केला तर विसार परत मिळेल का?

उत्तर : आपण चार तिकिटांचा एकत्र विचार केला आहे, पण कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगवेगळ्या प्रकारची आहेत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यामुळे दोन तुकड्यांत द्यावे लागेल. मी महाराष्ट्रात वकिली करते, त्यामुळे फ्लोरिडात प्रत्यक्ष वाद उभा राहिला तर तिथलाच वकील लागेल; मात्र तिकिटाच्या शर्ती आणि संबंधित कायद्याची तरतूद इतकी स्पष्ट आहे की, निर्णय घेण्यापुरते मत देण्यास अडचण नाही.

प्रथम वापरलेली दोन तिकिटे. त्यांना हात लावू नका. फ्लोरिडाच्या कायदेसंहितेत कलम ८१७.३६१ आहे. अनेक दिवसांच्या प्रवेशाचे अहस्तांतरणीय तिकीट एकदा प्रवेशासाठी वापरले गेल्यानंतर ते व्यवहारात विकणे, विकायला काढणे किंवा दुसऱ्याला देणे हा त्या कलमाखाली फौजदारी गुन्हा आहे. ही तरतूद केवळ कागदावर राहिलेली नाही. डिस्ने वर्ल्ड जिथे आहे त्या ऑर्लँडोच्या परिसरात उरलेल्या दिवसांची तिकिटे विकणाऱ्यांचा जुना धंदा आहे आणि त्यालाच आळा घालण्यासाठी ती केलेली आहे. कलमाचा रोख विकणाऱ्यावर आहे, आणि न्यू जर्सीत दोन ओळखीच्या माणसांत झालेल्या व्यवहारापर्यंत फ्लोरिडाचा फौजदारी कायदा पोहोचेल का, यावर युक्तिवाद होऊ शकतो, हे मी मान्य करते. परंतु आपल्याला तो युक्तिवाद जिंकून काहीच मिळणार नाही, कारण अडचण न्यायालयात नाही, प्रवेशद्वारावर आहे. पहिल्या वापराच्या वेळी पाहुण्याला यंत्रावर बोट टेकवायला लावतात आणि त्यावरून तयार झालेली सांकेतिक नोंद त्या तिकिटाशी जोडली जाते. पुढच्या प्रत्येक दिवशी त्याच व्यक्तीने ते तिकीट वापरायचे, अशी शर्त असते. बोट जुळले नाही तर कर्मचारी ओळखपत्र मागतो, आणि ओळखपत्रावर आपले नाव व तिकिटावर त्या गृहस्थांचे नाव असे झाले की ५०० डॉलर आणि तो दिवस दोन्ही गेले. परदेशात, पर्यटक व्हिसावर असताना, दुसऱ्याच्या नावाचे तिकीट पुढे करून आपण कोण आहोत याविषयी खुलासे देत बसणे आपल्या वयाला आणि प्रतिष्ठेलाही शोभणारे नाही.

आता जावयांचा मुद्दा. तो हुशारीचा असला तरी बरोबर नाही. गिफ्ट कार्डाला पाच वर्षांच्या आत मुदत घालता येत नाही हा नियम अमेरिकेच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यातून आला आणि २०१० पासून लागू झाला, हे खरे. पण त्याच कायद्याने जे कार्ड किंवा प्रमाणपत्र केवळ एखाद्या कार्यक्रमाच्या अथवा ठिकाणाच्या प्रवेशासाठी वापरता येते, त्याला या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. उद्यानाचे तिकीट नेमके त्या अपवादात बसते, म्हणून तिकिटाला मुदत घालणे बेकायदा नाही. तरीही जावयांच्या शंकेत तथ्याचा अंश आहे, तो वेगळ्या कारणाने. नव्या पद्धतीचे तिकीट पूर्णपणे न वापरता त्याची मुदत टळली, तर त्यासाठी भरलेली रक्कम त्याच किंवा अधिक किमतीच्या नव्या तिकिटात वळती करून घेण्याची मुभा डिस्नेच्या धोरणात आहे. म्हणजे आजारपणामुळे डिसेंबरची सहल संपूर्ण रद्द झाली तर साधे तिकीट अगदीच मातीमोल होत नाही. एक दिवस जरी वापरला, तर मात्र उरलेले दिवस मुदतीबरोबर जातात. ‘मुदत नाही’ या दोन शब्दांसाठी जे जादा पैसे मोजायचे, ते केवळ या उरलेल्या दिवसांसाठी असतात, हे लक्षात घेतले की हिशोब सोपा होतो.

हे तिकीट आले कुठून, तेही थोडक्यात सांगते, कारण त्यावर खरेखोटेपणाची तपासणी अवलंबून आहे. २००५ च्या जानेवारीपूर्वी तिथल्या बहुतेक बहुदिवसीय तिकिटांना मुदतच नसे. त्यानंतर नवी पद्धत आली. पहिल्या वापरापासून चौदा दिवसांत तिकीट संपू लागले आणि मुदत नको असेल तर वेगळी रक्कम भरून ती सवलत जोडून घ्यावी लागू लागली. २०१५ च्या सुरुवातीला ही सवलत विकणेच बंद झाले, आणि ऑक्टोबर २०१८ पासून तारखेनुसार दर आले. त्यामुळे २०१३ ची तिकिटे आहेत एवढ्यावर ती बिनमुदतीची ठरत नाहीत. त्या वर्षीच्या तिकिटावर ती सवलत जोडलेली असलीच पाहिजे, आणि ती उद्यानाच्या संगणकात दिसली पाहिजे. विकणाऱ्याने पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये.

कोऱ्या दोन तिकिटांचे काय? इथे माझे मत आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे असण्याची शक्यता आहे. पूर्णपणे न वापरलेले तिकीट अजून कोणाच्याही बोटाशी जोडले गेलेले नाही, वरील कलमही एकदा वापरलेल्या तिकिटापुरतेच आहे, आणि असे तिकीट उद्यानाच्या अ‍ॅपमधील खात्यात दुसऱ्याच्या नावे नोंदवणे व्यवहारात शक्य असते. तेव्हा ही खरेदी करण्यासारखी आहे, पण ती आपल्यासाठी नव्हे, मुलगी आणि जावयांसाठी. चार दिवसांच्या तिकिटापेक्षा २८० डॉलर जास्त देऊन आणखी सहा दिवस हाती राहतात. मात्र पहिल्या दिवशी ज्याने प्रवेश केला, उरलेले सहा दिवस त्याचेच. आपण ते तिकीट वापरलेत तर आपले सहा दिवस मुलीला देता येणार नाहीत, नातवालाही नाही, आणि असे तिकीट मृत्युपत्राने वारसांकडे जाईल असेही समजू नये, कारण ती मालमत्ता नसून एका व्यक्तीला दिलेली प्रवेशाची परवानगी आहे. आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमातील परवान्याची कल्पना आठवत असेल तर तीच जात. आपण साताऱ्याहून पुन्हा केव्हा ऑर्लँडोला जाल, हे आपणच अधिक चांगले सांगू शकाल. मुलगी आणि जावई तिथेच राहतात, धाकटी मोठी झाली की ते पुन्हा जाणारच. दुसऱ्या खेपेला तीन-चार दिवस जरी वापरले तरी त्यांचे २८० डॉलर वसूल होऊन वर शिल्लक राहील, कारण तिथले दर सतत चढते आहेत. २०१५ मध्ये मॅजिक किंगडम या तिथल्या एका उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट १०५ डॉलर होते, तेच २०२२ च्या अखेरीपासून गर्दीच्या दिवसांत १८९ डॉलरवर गेले.

पण दराची चढण हा एकतर्फी फायदा समजू नका, कारण तिकिटाने जे द्यायचे ते मध्यंतरी बदलत जाते. जुन्या काही तिकिटांबरोबर जलविहार आणि इतर ठिकाणांच्या भेटी जोडून दिल्या जात; त्यांतील डिस्नेक्वेस्ट हे ठिकाण जुलै २०१७ मध्ये कायमचे बंद झाले आणि प्लेझर आयलंड या तिथल्याच करमणुकीच्या भागातले क्लब तर २००८ मध्येच मिटले. तिकिटाला मुदत नव्हती, म्हणून कोणाला त्या भेटींचा वेगळा हक्क उरला असे नाही. रांग टाळण्याची जी सोय पूर्वी तिकिटातच विनामूल्य असे, तिच्यासाठी आता वेगळे पैसे द्यावे लागतात. २०२० च्या जुलैत करोनानंतर उद्याने उघडली तेव्हा दिवस आधी राखून ठेवण्याची सक्ती आली. जानेवारी २०२४ मध्ये ती तारखेच्या तिकिटांपुरती उठली, मात्र इतर प्रकारच्या प्रवेशाला असे आरक्षण लागू शकते. बिनमुदतीचे तिकीट या ‘इतर’मध्ये येते, म्हणून मुलीने आपल्या चार तारखांसाठी आरक्षण लागते का आणि मिळते का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. त्या तिकिटात एका दिवशी एकाच उद्यानात जाता येते की चारही उद्यानांत फिरता येते, तेही विचारून घ्यावे. आणि ऑर्लँडोतच उद्याने असलेली युनिव्हर्सल ही वेगळी कंपनी आहे. तिथे हे तिकीट चालत नाही. आपल्याकडचे पर्यटक ही गल्लत वारंवार करतात, म्हणून लिहिले.

एक बाब आपल्या पत्रात सुटलेली दिसते. तीन वर्षांखालील मुलांना तिथे तिकीट लागत नाही. नात अडीच वर्षांची आहे असे आपण लिहिता. सहलीच्या तारखांना तिची तीन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर तिच्यासाठी काहीच घेऊ नका. नातवाला तीन ते नऊ वयोगटाचे तिकीट पुरेल. म्हणजे आपल्याला पाचच तिकिटे हवीत: मुलगी-जावयांसाठी ती दोन कोरी, आणि आपण उभयता व नातवासाठी डिसेंबरच्या तारखांची नवी तीन.

राहिला विसार. आपण मुलीचे ४०० डॉलर परत मागण्याऐवजी ते कोऱ्या तिकिटांच्या १८०० डॉलरमध्ये वळते करायला सांगावे, असे मी सुचवते. बाकी १४०० डॉलर देण्यापूर्वी त्या गृहस्थांशी चार ओळींचा लेखी करार करावा. ईमेलवर ‘मान्य आहे’ असे उत्तर आले तरी चालेल. मजकूर साधारण असा असावा: ‘दहा दिवसांची, एकदाही न वापरलेली, मुदत नसलेली दोन तिकिटे खरेदीदाराच्या खात्यात नोंदली जाऊन तेथे दहाही दिवस शिल्लक व मुदतविरहित दिसल्यानंतरच बाकी १४०० डॉलर देय होतील, तसे न दिसल्यास विसाराचे ४०० डॉलर सात दिवसांत परत केले जातील, वापरलेल्या दोन तिकिटांचा व्यवहार उभय पक्षांनी रद्द केला आहे.’ जुन्या चुंबकीय पट्टीच्या कार्डाची खात्यात नोंद होत नसेल, तर उद्यानाच्या पाहुणे-सेवा कक्षातून खात्री होईपर्यंत बाकी देऊ नये.

गृहस्थांनी ऐकले नाही तर काय, हाही प्रश्न आहेच. झेलवरून स्वतःहून पाठवलेली रक्कम बँक सहसा परत फिरवत नाही. आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करण्याचा विचार मनात आला असेल, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. परंतु इथे पैसे मुलीने दिले, विकणारा व्यापारी नसून खासगी व्यक्ती आहे, आणि सगळा व्यवहार न्यू जर्सीत झाला, त्यामुळे ती तक्रार टिकणार नाही. हीच तिकिटे आपण साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या सहल कंपनीकडून घेतली असती तर मी दोन वर्षांच्या मुदतीत तिथेच तक्रार करण्याचा सल्ला दिला असता. न्यू जर्सीत मात्र ५००० डॉलरपर्यंतच्या लहान दाव्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे मुलीला वकिलाशिवाय स्वतः उभे राहता येते. ज्या तिकिटांचा वापर दुसऱ्याला करताच येत नाही, ती विकायला काढून घेतलेला विसार ठेवून घेण्याचा बचाव त्या गृहस्थांना जड जाईल. विसार चारही तिकिटांपोटी दिला होता की फक्त कोऱ्यांपोटी, यावर मात्र वाद होऊ शकतो, म्हणून त्या सुमारास झालेले सर्व संदेश मुलीने आजच जतन करून ठेवावेत आणि यापुढचे बोलणे फोनवर न करता लेखीच करावे.