त्या संध्याकाळी ऑर्केस्ट्राला काम काय आहे, ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: प्रादेशिक ऑर्केस्ट्राच्या येत्या हंगामाचं पत्रक आलंय, त्यात सहा (पाश्चात्त्य) शास्त्रीय आणि चार लोकप्रिय कार्यक्रम आहेत. प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा तुम्ही कधी ऐकलेला नाही आणि चारच संध्याकाळी जमणार आहेत. नऊ वर्षांच्या मुलीलाही न्यायचंय, आणि टाळ्या भलत्याच वेळी वाजवल्या जातील अशी भीती आहे. मग आधी लोकप्रिय ऐकून कान तयार करावा, की थेट शास्त्रीयला जावं?

बरेच हंगाम ऐकल्यावर माझं मत असं झालंय की ही वाटणीच बाजूला ठेवावी. प्रत्येक कार्यक्रमापुढे एवढंच विचारा: त्या संध्याकाळी ऑर्केस्ट्राला काम काय आहे?

मीही 'आधी सोपं' म्हणूनच सुरुवात केली होती. एका जुन्या रॉक बँडच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. पुढे गायक, ड्रम, दोन गिटार आणि मागे पन्नास-साठ वादक. ते बिचारे दोन तास लांब सूर धरून बसले होते, आणि जे काही कानावर पडत होतं ते स्पीकरमधून. गाणी झकास झाली, लोक नाचले, मीही टाळ्यांचा ठेका धरला. पण घरी जाताना लक्षात आलं की एकही व्हायोलिन आपल्याला व्हायोलिन म्हणून ऐकू आलेलं नाही.

यात वादकांचा दोष नाही. प्रादेशिक ऑर्केस्ट्रातले बरेचसे वादक पूर्णवेळ नोकरीत नसतात. तालमी आणि कार्यक्रम मोजून त्यांना मानधन मिळतं, उरलेल्या वेळात ते शिकवण्या करतात, आणखी एकदोन ऑर्केस्ट्रांत वाजवतात. कार्यक्रमाच्या आठवड्यात सगळे जमतात. शास्त्रीय कार्यक्रमाला साधारण चारपाच तालमी मिळतात, लोकप्रियला एखाददुसरी. पाहुणा गायक स्वरलिपीचा गठ्ठा सोबत घेऊन येतो, आणि तो गठ्ठा पहिल्याच वाचनात वाजवता येईल असाच लिहिलेला असतो. म्हणजे ऑर्केस्ट्रा तिथे भरजरी पडद्यासारखा असतो. आवडता गायक असेल तर खुशाल जा, पण गायकासाठी जा.

लोकप्रिय यादीतला चित्रपटसंगीताचा कार्यक्रम मात्र मी सोडणार नाही. 'स्टार वॉर्स'चं जॉन विल्यम्सचं संगीत 1977 साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ध्वनिमुद्रित केलं होतं. ते मुळातच पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं असल्यामुळे ट्रम्पेट आणि हॉर्नवाल्यांचा घाम निघतो. ते प्रत्यक्ष ऐका आणि मग कधीतरी गुस्ताव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधला 'मार्स' ऐका. 1914 साली लिहिलेली ती रचना तुम्हाला ओळखीची वाटेल आणि लोकप्रिय-शास्त्रीय ही भिंत किती पातळ आहे ते कळेल.

पडद्यावर अख्खा चित्रपट आणि खाली ऑर्केस्ट्रा, असा प्रकार पत्रकात असेल तर त्याबद्दल थोडं. संवाद आणि इतर आवाज मूळ चित्रपटातलेच ठेवतात, फक्त संगीत काढून टाकून ते समोर वाजवतात. वादकांना हाताने ताल देणाऱ्या कंडक्टरपुढे छोटा पडदा असतो, त्यावर रंगीत उभ्या रेषा सरकतात, ठिपके चमकतात. काही वेळा कानात ठोकेही चालू असतात. तेवढ्या आधारावर तो सगळ्यांना दृश्याबरोबर ठेवतो. अवघड काम आहे, आणि ते इतकं बेमालूम होतं की वीस मिनिटांत आपण ऑर्केस्ट्रा विसरून चित्रपट बघायला लागतो! ही त्यांची शाबासकी की फजिती, ते माझं अजून ठरलेलं नाही.

आता शास्त्रीय. बहुतेक संध्याकाळींचा आराखडा ठरलेला: सुरुवातीला दहाएक मिनिटांची रचना, मग पियानो किंवा व्हायोलिनचा पाहुणा कलाकार आणि त्याचा कन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशी रचना), मध्यंतर, आणि नंतर सिम्फनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना. पत्रकावर फोटो पाहुण्याचा असतो. तुम्ही मात्र मध्यंतरानंतरचं नाव वाचा, कारण तालमींचा मोठा वाटा तिकडे जातो.

चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिम्फनी यादीत असेल तर डोळे झाकून तिकीट घ्या. 1893 साली न्यूयॉर्कमध्ये ती पहिल्यांदा वाजली. दुसऱ्या भागात कोर आंग्ले नावाचं, ओबो या सनईसारख्या वाद्यापेक्षा थोड्या खालच्या पट्टीचं वाद्य एकटं गायला लागतं, तेव्हा सभागृहात खोकलासुद्धा ऐकू येत नाही. जाता जाता ट्यूबा हे मोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्याकडेही बघा. त्याला अख्ख्या सिम्फनीत जेमतेम चौदा सूर आहेत, तेही याच भागात. झांजेचा आघात तर एकच, शेवटच्या भागात, आणि तोही हलकाच. त्या एका आघातासाठी माणूस अर्धाएक तास वाट बघत असतो.

बेथोव्हनची पाचवी 'ऐकून ऐकून गुळगुळीत झाली' म्हणून टाळू नका. तिचे पहिले चार सूर सगळ्यांना माहीत असतात, पण ट्रोम्बोनवाले (सरकत्या नळीचं पितळी वाद्य वाजवणारे) पहिले तीन भाग हात बांधून बसलेले असतात हे रेकॉर्डिंगमध्ये कुठे दिसतं? तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळं कुजबुजीवर येतं, आणि मध्ये न थांबता चौथा भाग उसळतो तेव्हा ते पहिल्यांदा वाजवतात. हे समोर बसूनच बघावं. रावेलचं 'बोलेरो' असेल तर तेही. पंधरा मिनिटं एकच माणूस तालवाद्यावर तोच ठेका धरून असतो, आणि बाकीचा ऑर्केस्ट्रा वाद्यामागून वाद्य त्यावर चढत जातो.

माहलर पहिल्या वर्षी नको. वाईट म्हणून नव्हे. त्याची तिसरी सिम्फनी दीड तासाच्या पुढे जाते, आणि विलंबित ख्यालासारखी तिच्यात मुरायला सवय लागते. आणि सुरुवातीच्या दहा मिनिटांत एखाद्या हयात संगीतकाराचं अनोळखी नाव दिसलं तर त्यासाठी कार्यक्रम रद्द करू नका. आवडलं नाही तर दहा मिनिटांत संपतंच.

दर कार्यक्रमाला वेगळा पाहुणा कंडक्टर दिसला तर समजा, बहुधा नव्या मुख्य कंडक्टरचा शोध चाललाय. असा हंगाम ऐकायला मजा येते. प्रत्येक उमेदवार आपलं हुकमी पान टाकतो, आणि तेच वादक दर वेळी वेगळे ऐकू येतात.

टाळ्यांची भीती तुम्ही लिहिलीये. सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात आणि मधल्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा आजचा शिरस्ता आहे. पूर्वी तो नव्हता. 1778 साली पॅरिसमध्ये आपल्या सिम्फनीच्या पहिल्या भागात, संगीत चालू असतानाच लोकांनी टाळ्या दिल्या, हे मोत्सार्टने वडिलांना खुशीत कळवलं होतं. तरी आज अंधारात एकट्याच्याच टाळ्या घुमल्या की कानाच्या पाळ्या तापतात, हे मी चायकोव्स्कीच्या सहाव्या सिम्फनीत अनुभवलंय. तिचा तिसरा भाग अगदी शेवटासारखा दणक्यात संपतो, आणि खरा शेवट त्यानंतर, हळूहळू विझत येतो. उपाय सोपा आहे: कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊन तो आपल्याकडे वळेपर्यंत थांबा.

जागा: शास्त्रीयसाठी पहिल्या रांगा नकोत. तिथे व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात आणि मागची फुंकवाद्यं दबतात. बाल्कनीची पुढची रांग मला सगळ्यांत आवडते, बहुतेकदा ती स्वस्तही असते. पियानोवादकाची बोटं बघायची असतील तर रंगमंचाकडे तोंड करून डावीकडे बसा. स्पीकर लावलेल्या कार्यक्रमाला ध्वनियंत्रणेच्या टेबलाजवळ बसा, कारण आवाजाचा मेळ त्याच जागेवरून जुळवलेला असतो.

पहिल्याच वर्षी पूर्ण हंगामाचं तिकीट काढू नका. चार कार्यक्रम आपल्या मर्जीने निवडायची सोय असेल तर ती घ्या, आणि तारीख बदलून मिळते का ते आधी विचारा. नऊ वर्षांच्या मुलीला न्यायचंय म्हणता, तर रंगीत तालीम लोकांना खुली असते का तेही विचारा. तिथे ती कंटाळली तर उठून येता येतं. आणि निवडलेली सिम्फनी आदल्या आठवड्यात दोनदा घरी लावा, काम करता करता ऐकली तरी चालेल.

माझा हिशेब तीन शास्त्रीय आणि एक चित्रपटसंगीत असा आहे. सहाही शास्त्रीय कार्यक्रमांची मध्यंतरानंतरची नावं इथे लिहा, म्हणजे कोणते तीन ते सांगतो.