पॅनकेक आणि घावनांसाठी नॉनस्टिकऐवजी कोणता तवा घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी सहा वर्षांची, नाश्त्याला पॅनकेक मागते. घरचा नॉनस्टिक पॅन मधोमध खरवडला गेलाय आणि त्याचे कण तिच्या पोटात गेले असतील का, ही धास्ती. सासूबाई म्हणतात बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा आण, दुकानदार सिरॅमिक पुढे करतो, कुणी स्टीलचं सांगतं. शिवाय स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत लव्हबर्ड्सचा पिंजरा आहे.

माझं उत्तर: सासूबाईंचं ऐका. बिडाचा तवा आणा आणि तो फक्त पॅनकेक, घावन, धिरडी, डोसे यांच्यासाठी राखून ठेवा. का ते जरा सविस्तर सांगते, कारण नॉनस्टिकचा धोका नेमका कशात आहे हे कळलं नाही, तर माणूस जास्त पैसे मोजून तोच धोका नव्या रंगात घरी आणतो.

आधी पोटात गेलेल्या कणांचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. नॉनस्टिकचा थर बहुतेक वेळा पीटीएफईचा असतो, ज्याला आपण सरसकट टेफ्लॉन म्हणतो. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो अपघातानेच सापडला. त्याचं वैशिष्ट्यच हे की तो कशाशीही सहजासहजी संयोग पावत नाही. गिळलेला कण पचत नाही, जसा गेला तसा बाहेर पडतो. तेव्हा मुलीच्या पोटात दोन-चार कण गेले असतील तर त्यासाठी घाबरून जाऊ नका.

काळजी करायची ती तापमानाची. पीटीएफई साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर गेला की बिघडायला लागतो, आणि ३५० च्या पुढे तर झपाट्याने सुटत जातो. त्यातून निघणाऱ्या वाफा माणसाच्या छातीत गेल्या तर काही तासांनी फ्लूसारखी थंडी, ताप, अंगदुखी होऊ शकते. पक्ष्यांची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा कितीतरी संवेदनशील असते, त्यामुळे याच वाफांनी पिंजऱ्यातले पक्षी काही मिनिटांत मरू शकतात. पॅनकेक भाजायला तवा १९० अंशांच्या आसपास असला तरी पुरतो, म्हणजे नियमाने वापरलं तर धोका नाही असं वाटेल. पण आपल्याकडे सकाळी काय होतं? गॅस मोठा करून रिकामा पॅन ठेवायचा, तेवढ्यात डबा भरायचा, दाराची बेल वाजते, दूधवाल्याचा हिशेब निघतो. हलका रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांत २६० पार करतो, आणि या वाफेला ठळक असा वास नसल्याने कळतही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत तर नॉनस्टिकसाठी १७० अंशांचीच मर्यादा सांगितली आहे, आणि थर खराब झाला की भांडं काढून टाका असंही म्हटलंय. तुमच्या घरात पक्षी आहेत, त्यामुळे मी तर म्हणेन की नवा नॉनस्टिकही आणू नका. आणि नवा तवा येईपर्यंत पिंजरा आतल्या एखाद्या खोलीत हलवा, आजच.

आता डब्यावरच्या 'पीएफओए फ्री' या लेबलाबद्दल. पीएफओए हे रसायन हा थर बनवताना कारखान्यात वापरलं जायचं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते आसपासच्या लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं, रॉब बिलॉट या वकिलाने ते प्रकरण वर्षानुवर्षं लढवलं. पुढे शास्त्रज्ञांच्या समितीने मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध दाखवला. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. म्हणजे लेबल खोटं नाही. पण 'पीएफओए फ्री' पॅनवरचा थर पीटीएफईचाच असू शकतो आणि तापला की तो तसाच वागतो. ठिपक्या-ठिपक्यांचे 'ग्रॅनाइट' किंवा 'स्टोन' नावाचे पॅन मिळतात, त्यातही दगड नसतो, बहुतेकदा पीटीएफईचाच थर असतो. दुकानात सरळ विचारायचं, "यात पीटीएफई आहे का?" उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्यायचं.

दुकानदार दाखवतो ते सिरॅमिक म्हणजे अॅल्युमिनियमच्या पॅनवर सिलिकापासून केलेला पातळ थर. पीटीएफई नसेल तर पक्ष्यांच्या दृष्टीने ते नक्कीच बरं, आणि पहिले काही महिने त्यावर पॅनकेक अलगद सुटतात. पण रोजच्या वापरात हा गुळगुळीतपणा वर्ष-दोन वर्षांत जातो आणि मग परत आणता येत नाही. दर थोड्या वर्षांनी पॅन बदलायची तयारी असेल, किंवा मनगटाच्या दुखण्यामुळे जड काहीच उचलवत नसेल, तर जरूर घ्या. स्टीलच्या जाड बुडाच्या पॅनमध्ये अंड्याचे पॅनकेक जमतात, पण आधी पॅन नीट तापवून मग तूप घालावं लागतं. तांदळाचं घावन मात्र त्यावर धरून बसतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतलं तांब्याचं काम मला फार प्रिय आहे, पण कल्हईचं भांडं यासाठी वापरू नका, कारण कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंशांना वितळतं. मातीचं खापर सुरेख, चव तर विचारूच नका. पण पातळ पिठासाठी ते मुरायला वेळ लागतो, आणि चकचकीत रोगण दिलेलं असेल तर त्यात शिसं असण्याची शंका राहते. घ्यायचंच तर बिनरोगणाचं घ्या.

आता बीड. ओतीव लोखंडाचा हा तवा मुळात चिकटणाराच असतो. त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तापवलं की तेल हवेतल्या प्राणवायूशी मिळून कडक होतं आणि धातूला घट्ट धरतं. असे थर एकावर एक बसत गेले की काळी, गुळगुळीत पाठ तयार होते. मला हा तवा सगळ्यांत विश्वासाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की हा थर उलथन्याने खरवडला, गंजला, कुणी तारेच्या घासणीने घासून काढला, तरी घरच्या घरी तेल लावून पुन्हा चढवता येतो. तवा विसरून जास्त तापलाच तर तेल जळतं, धूर दिसतो, वास येतो, म्हणजे आपल्याला कळतं. (तेलाचा धूरही पक्ष्यांना चांगला नाही, त्यामुळे तवा तयार करताना खिडक्या उघड्या आणि पिंजरा लांब.)

खरेदीला तुळशीबागेत जा, नाहीतर रविवार पेठेत बोहरी आळीकडे. सकाळी जा म्हणजे दुकानदाराला बोलायला वेळ असतो. तवा हातात घेऊन उजेडात तिरका धरा आणि तळहात फिरवा. बारीक, एकसारखा खरखरीतपणा चालतो, तो तेलाने भरून येतो. सुईच्या टोकाएवढी भोकं किंवा उंचवटे असतील तर तो ठेवून द्या. मग तव्याच्या कानाला धरून कडेला बोटाच्या सांध्याने टिचकी मारा: स्वच्छ, लांबणारा नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक चीर असू शकते. पांढरा रुमाल घासून बघा, काळा रंग भराभर उतरला तर तो तेलाचा थर नव्हे, वरून दिलेला रंग आहे. आकार नऊ-दहा इंचच घ्या. बाराचा मोह होतो, पण घरच्या शेगडीची आच कडेपर्यंत पोचत नाही आणि वजनही वाढतं. दहा इंची तवा साधारण दोन किलोच्या आसपास भरतो. तेवढाही नको असेल तर पत्र्याचा लोखंडी तवा घ्या. तो हलका असतो आणि याच पद्धतीने तयार होतो, फक्त आच जरा सांभाळावी लागते.

घरी आणल्यावर साबणाने एकदा स्वच्छ धुवा आणि गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा. मग जवसाचं किंवा रोजचं शेंगदाण्याचं तेल चार-पाच थेंब घेऊन पुढून-मागून चोळा आणि लगेच सुती फडक्याने असं पुसा की जणू तेल लावलंच नव्हतं. बहुतेकांचा तवा बिघडतो तो इथेच, तेल जास्त राहिलं की तवा चिकचिकीत होतो. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत ठेवा, गार होऊ द्या, पुन्हा तेच करा. असं चार-पाच वेळा झालं की रंग राखाडीचा तपकिरी आणि तपकिरीचा काळा होत जातो. पहिले काही दिवस त्यावर थालीपीठ लावा, भरपूर तेल सोडून. मग बेसनाची धिरडी, मग पॅनकेक. घावन सगळ्यांत शेवटी, कारण त्याचं पाण्यासारखं पातळ पीठ तव्याच्या प्रत्येक खाचेत शिरतं.

मुलीच्या पॅनकेकसाठी: पिठात साखर किंवा गूळ कमीत कमी घाला, गोड वरून द्या. साखर तापून जळते आणि तीच तव्याला धरते. पीठ फ्रिजमधून काढून तसंच ओतू नका, गार पिठाने तवा एकदम उतरतो. तवा मंद ते मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या, बीड सावकाश तापतं. मग पाण्याचे दोन थेंब शिंपडा. नुसते बसून राहिले तर तवा कच्चा, तडतडून लगेच उडाले की बरोबर. आता वांग्याचा देठ किंवा अर्धा कांदा तुपात बुडवून तव्यावर फिरवा आणि पीठ ओता. यानंतर हात आवरायचा. आधी वर बुडबुडे फुटतात, मग ओलसर चमक जाते, कडा सुकून तव्यापासून केसभर वर उचलली जाते. तेव्हा उलथनं खाली सरकवलं की ते अडत नाही, पॅनकेक स्वतःच सुटलेला असतो. त्याआधी ओढाल तर फाटेल, मग तवा कितीही मुरलेला असो.

या तव्यावर पोळ्या करू नका. कोरड्या कडक आचेने तेलाचा थर जळून जातो आणि दुसऱ्या दिवशी डोसा चिकटला म्हणून तव्याला दोष मिळतो. टोमॅटोची चटणी, चिंचेचा कोळ वगैरे आंबट काही त्यात शिजवत ठेवू नका. आंबवलेलं डोशाचं पीठ किंवा ताकातलं धिरडं मिनिटभरच असतं, ते चालतं. बिडामुळे अन्नात थोडं लोह उतरतं हे खरं, पण पॅनकेकसारख्या झटपट पदार्थात ते फार नसतं, म्हणून मुलीचं हिमोग्लोबिन या तव्याच्या भरवशावर सोडू नका. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा शरीरात लोह साठण्याचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या.

धुणं सोपं आहे. गरम पाणी, मऊ घासणी, लागलाच तर थेंबभर साबण. लगेच पुसून गॅसवर मिनिटभर ठेवा आणि तेलाचं बोट फिरवा. पुण्याच्या पावसाळ्यात रात्रभर ओट्यावर ओला राहिला तर सकाळी तांबूस गंज दिसेलच. भांडी घासायला मावशी येत असतील तर हा तवा मोरीत टाकूच नका, स्वतःच धुऊन ठेवा. त्यांना दहा घरची भांडी घासायची असतात, एका तव्यासाठी वेगळी घासणी घेण्याची अपेक्षा त्यांच्यावर लादू नये.

आणि तुमचा जुना पॅन. आपल्याकडे असं भांडं मावशींना किंवा वॉचमनच्या घरी देऊन टाकायची पद्धत आहे, आणि देणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण तुम्ही जो पॅन मुलीसाठी नको म्हणताय, तो त्यांच्या मुलांसाठीही नकोच. एकाच खोलीत स्वयंपाक आणि झोपणं असेल तर तापलेल्या थराची वाफ त्यांना जास्तच लागेल. खाली अॅल्युमिनियम असतं, भंगारवाला घेतो. त्याच्याकडे द्या. मावशींना काही द्यायचं असेल तर एक लोखंडी तवा नवा घेऊन द्या.